रमांक अठरा

"अठरा?" चारुशीला म्हणाली. "अगं, पेपर कोरा ठेवून आलेल्या पोरालासुद्धा मास्तर तोंड बघून पंचवीस देतात. अठरा कसले?"

हेमांगी खैरनारच्या हातातल्या पडद्यावर दोनच ओळी होत्या. मास्टर रूम, सोबत इरफान तांबोळी : ब्याऐंशी. व्हॅन, सोबत चारुशीला सोनवणे : अठरा.

"मशीन आहे ते," हेमांगी म्हणाली. "त्याला काय कळतंय?"

म्हणाली खरी, पण आवाजात दम नव्हता, आणि चारुशीलाने ते बरोबर पकडलं. बावीस वर्षं एका माणसाच्या शेजारच्या सीटवर बसलं की त्याच्या आवाजातला दम कुठे संपतो ते कळतंच. चारुशीलाने डब्याचं झाकण लावलं. आत अजून अर्धी भाकरी होती.

आता हा रमांक म्हणजे काय, ते आधी बघू.

साल दोन हजार त्रेचाळीस, मे महिना, नाशिकची अंबड एमआयडीसी. तिथे तंतोतंत लॅब नावाची एक जागा होती. जगातली मोजायची सगळी यंत्रं वापरून वापरून थोडं थोडं खोटं बोलायला लागतात. वजनकाटा दोन ग्रॅम चढवून सांगतो, थर्मामीटर अर्धा अंश खातं. हे खोटं पकडायचं काम तंतोतंतचं. पद्धत सोपी. जे यंत्र खरं आहे याची खात्री आहे, त्याला म्हणायचं मास्टर. गिऱ्हाइकाचं यंत्र मास्टरशेजारी ठेवायचं आणि दोघांत फरक किती ते लिहून द्यायचं. बस.

काम दोन ठिकाणी चालायचं. एक मास्टर रूम. बारा महिने वीस अंश, त्याच्या वर नाही, खाली नाही. कारण पोलाद उबेने फुगतं. डोळ्याला दिसत नाही, पण तिथल्या यंत्रांना दिसतं. गिऱ्हाइकाचे पोलादी ठोकळे मास्टरशेजारी मांडायचे आणि ते एका तापमानाला येईपर्यंत चार-चार तास नुसतं थांबायचं. आत जाणाऱ्याने हातमोजे घालायचे, हळू चालायचं आणि श्वाससुद्धा सावकाश, तोंड बाजूला करून सोडायचा. एक फुंकर लागली तरी शेवटचा आकडा हलतो.

दुसरी जागा म्हणजे व्हॅन. वीस-वीस किलोची वजनं भरायची आणि सिन्नरच्या कंपनीत, वणीच्या गोदामात, लासलगावच्या काट्यांवर जायचं. वजनं उतरवायची, काट्यावर चढवायची, परत व्हॅनमध्ये भरायची. मे महिन्यात. पाठ मोडते, ब्लाउज अंगाला चिकटतो, आणि वर वॉचमन विचारतो, मॅडम, तुमच्याबरोबर जेंट्स कोण आहे?

हेमांगी दोन्हीकडे असायची. दोन दिवस मास्टर रूममध्ये इरफानबरोबर, चार दिवस व्हॅनवर चारुशीलाबरोबर. तिघंही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची पैदाईश. मिलेनियल म्हणायचे त्यांना. या पिढीला नोकरीत नक्की काय हवंय, यावर त्यांच्याकडून जेवढे फॉर्म भरून घेतले तेवढे कुठल्याच पिढीकडून घेतले नसतील. आणि त्यांनी ते भरले! इमानदारीत, वर हसऱ्या तोंडाचं चित्र टाकून. कामाला अर्थ हवा. शिकायला मिळावं. साहेबाने ऐकून घ्यावं. घरच्यांसाठी वेळ उरावा. सगळं खरंच होतं. पण हेच तोंडावर विचारा, की म्हणणार, "नाही नाही, छान चाललंय." पोटातलं सगळं फॉर्मात, तोंडावर नुसतं छान चाललंय. पन्नाशीला आली माणसं तरी खोड गेली नाही.

लॅबची मालकीण धृती, वय एकोणतीस. वडील कांतीशेठ घरी बसले तेव्हा लॅब तिच्याकडे आली. पोरगी मनाची चांगली होती. मागच्या वर्षी तिघं जुने लोक सोडून गेले, आणि जाताना तिघांनीही "छान चाललं होतं" असंच सांगितलं. धृती त्या दिवशी केबिनचं दार लावून रडली होती. म्हणून तिने आस्था पट्टे मागवले.

पट्टा मनगटावर बांधायचा. तो तीन गोष्टी बघतो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, कातडीवरचा घाम आणि आवाज. शोध असा लागला होता, की माणूस मनापासून कशात रमला की त्याच्या ठोक्यांमधलं अंतर श्वासाबरोबर लाटेसारखं कमी-जास्त होतं, आणि घाम थांबतो. ताणात असला की उलटं. ठोके घाईला येतात, सगळे एकाच मापाचे पडतात, तळहात ओले होतात. या सगळ्यातून पट्टा शून्य ते शंभरमधला एक आकडा काढतो. तोच रमांक. कोण कुठे, कुणाबरोबर, काय करताना रमतं हे त्यावरून कळतं. माणसाला फॉर्म भरायचं कामच उरत नाही.

पट्ट्यांबरोबर एक चकचकीत सर्टिफिकेट आलं होतं. सही, शिक्का, चमकणारा बिल्ला. आणि ही माणसं फसली ती इथे. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, हे मशीन काय सांगणार आम्हाला! पण यांची हयात गेली सर्टिफिकेटं देण्यात. सर्टिफिकेट बघितलं की यांची मान आपोआप खाली जायची.

महिनाभर पट्टे बांधल्यावर धृतीने सगळ्यांना बसवलं.

"हेमांगीताई, तुम्हाला आम्ही उगीच उन्हातान्हात पाठवत होतो," ती म्हणाली. तिचा चेहरा खरंच फुलला होता. "आजपासून तुम्ही कायम मास्टर रूममध्ये. व्हॅनवर चारुताईंच्या मदतीला वजनं उचलणारा रोबोट देतेय. चालेल ना?"

सगळ्यांनी हेमांगीकडे बघितलं. चारुशीलाने नाही बघितलं. ती नखाने टेबलावरचा जुना स्टिकर खरवडत होती.

हेमांगीला म्हणायचं होतं, नाही चालणार. पण गिऱ्हाइकाला ती रोज काय सांगायची? शेठ, तुम्हाला काय वाटतं ते बाजूला ठेवा, काटा काय म्हणतो ते बघा. आता स्वतःची वेळ आल्यावर काट्याला खोटं म्हणायचं? आणि कदाचित खरंच असेल तसं. कदाचित बावीस वर्षं आपल्याला सवय झाली, आणि आपण त्यालाच आवड म्हणत बसलो.

"आकडा आहे ना," ती म्हणाली. "मग चालेल."

स्टिकर निघाला. चारुशीलाने त्याची गोळी केली आणि उठून गेली.

मास्टर रूममध्ये हेमांगीने रमायचा जोरदार प्रयत्न केला. इरफान चांगला माणूस, पण आत बोलायचं नाही हा नियम त्याने जन्मापासून पाळला असावा असं वाटायचं. ठोकळे निवायची वाट बघत दोघं चार तास बसायचे. काचेबाहेर दुपारी व्हॅन परत आलेली दिसायची. रोबोट उतरायचा, मागून चारुशीला. रोबोटचं नाव तिने सोन्या ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात ती काचेकडे बघून मान तरी हलवायची. दुसऱ्या आठवड्यात तेही बंद झालं.

"सोन्या बरा आहे," कॅन्टीनमध्ये एकदा समोरासमोर आल्यावर ती म्हणाली. "वजनं उचलतो, गाणी म्हणत नाही, आणि खिडकी उघड खिडकी लाव करत नाही."

"बरं झालं," हेमांगी म्हणाली.

"हो. छान चाललंय."

आणि तिसऱ्या सोमवारी बोर्डावर यादी लागली. तमिळनाडूतल्या होसूरच्या नव्या शाखेसाठी, मुदत तीन वर्षं, चारुशीला सोनवणे, स्वतःच्या अर्जावरून. रुजू व्हायचं पुढच्या सोमवारी. हेमांगीने यादी दोनदा वाचली. मग मास्टर रूममध्ये गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा मास्टर ठोकळ्याकडे तोंड करून मोठा श्वास सोडला. शेवटचा आकडा हलला. इरफानने बघितलं आणि पुन्हा चार तासांचं घड्याळ लावलं.

त्याच दिवशी फरशी पुसायला कडूबाई आत आल्या. अंगात स्वेटर, वर शाल, डोक्याला मफलर.

"मेलं हे शीतगृह," त्या म्हणाल्या. "गुडघे आखडले माझे. आणि धृतीताई काय म्हणाली माहितीये? मावशी, तुम्ही मास्टर रूममध्ये सगळ्यात जास्त रमता, एकोणऐंशी! मी म्हटलं, पोरी, मी तिथे देवाचं नाव घेत पुसते की कधी बाहेर पडते."

हेमांगी वळली. "किती म्हणालात?"

"एकोणऐंशी. आता म्हणे दिवसातून दोनदा पुसायला देणारे, माझी आवड म्हणून!"

हेमांगी उठली आणि नियम मोडून भराभर चालत बाहेर गेली. तिने पट्ट्यातल्या सगळ्यांच्या नोंदी मागवल्या. मास्टर रूममध्ये इरफान चौऱ्याऐंशी. कडूबाई एकोणऐंशी. एसी दुरुस्त करायला आलेल्याला कुतूहल म्हणून पट्टा बांधला होता, तो ऐंशी. जो आत जाईल तो रमतोय. मग तिने स्वतःची व्हॅनवरची रेघ काढली. सगळ्यात खाली कुठे गेली? सात मे, अकरा चाळीस. रमांक सहा.

सात मे. सिन्नर.

त्या दिवशी गेटवरचा वॉचमन म्हणाला होता, आत जाणाऱ्या प्रत्येकाची रजिस्टरला नोंद पाहिजे. चारुशीलाने गंभीर चेहऱ्याने वीसच्या वीस वजनं नावानिशी लिहायला घेतली. आडनाव लोखंडे. कोणाला भेटायचंय : काट्याला. वॉचमन एकेक वाचून मान डोलवत होता. बाराव्या लोखंडेला हेमांगी हसून हसून गेटवरच खाली बसली, डोळ्यांतून पाणी, भर उन्हात घामाने निथळत. वर्षात एवढी हसली नव्हती.

मशीनच्या मते तिच्या महिन्यातला तो सगळ्यात वाईट क्षण होता.

आता तिने ते चकचकीत सर्टिफिकेट काढलं आणि जे काम पहिल्या दिवशी करायचं ते केलं. मागचं पान वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं : चाचणी बावीस ते सव्वीस अंशांत, बसून काम करणाऱ्या व्यक्तींवर. म्हणजे ज्यांनी पट्टा केला ते एसीत बसलेले, आणि ज्यांच्यावर तपासला तेही एसीत बसलेले. मे महिन्यात वीस किलो उचलून खिदळणारी बाई त्यांनी बघितलीच नव्हती. वीस अंशांत घाम आपोआप थांबतो. सावकाश श्वास घ्यायचा नियम असला की ठोक्यांची लाट आपोआप येते. पट्टा रमणं मोजतच नव्हता. गारवा आणि श्वास मोजत होता.

पण तंतोतंतमध्ये नुसतं म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं. दाखवायला मास्टर लागतो, म्हणजे ज्याचं खरं उत्तर आधीच ठाऊक आहे असं काहीतरी. हेमांगीने विचार केला. या लॅबमध्ये कोणाच्याही मनात तिळमात्र शंका नाही, अशी एक गोष्ट कुठली?

कांतीशेठचं वर्धापनदिनाचं भाषण. चाळीस मिनिटं, दरवर्षी तेच.

इरफानला पट्टा बांधून मास्टर रूममध्ये बसवलं आणि भाषणाचं रेकॉर्डिंग लावलं. काचेबाहेर अर्धी लॅब जमली. भाषणात शेठजी सायकलवरून मोटारसायकलवर येईपर्यंत इरफानचे डोळे पांढरे झाले होते. रमांक : शहाऐंशी. मग त्याला दुपारी दोनला अंगणात उन्हात बसवून बायकोच्या हातची बिर्याणी खायला दिली. रमांक : चौदा.

"मी मरायला टेकलो तर मला गार खोलीत ठेवून हे भाषण लावू नका," इरफान हाडूक चोखत म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य. "डॉक्टर म्हणतील, पेशंट मजेत आहे."

धृतीने आकडे बघितले, ओठ चावला, आणि मग तीही हसली. "सॉरी, ताई. मला खरंच वाटलं होतं, तुम्हाला आवडेल ते देतेय." पट्टे त्याच दुपारी खोक्यात गेले. "तुम्ही व्हॅनवर परत. फक्त चारुताईंचं... त्यांनी स्वतः अर्ज केलाय. मी अडवू शकत नाही."

हेमांगी पार्किंगकडे धावत गेली. चारुशीला व्हॅनच्या काचा पुसत होती.

"चारू! मशीन चुकलं होतं!"

"मला माहितीये."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी होते ना त्या व्हॅनमध्ये." तिने फडकं पिळलं. "तुला आठवडे लागले, येडे. कडूमावशीचे गुडघे लागले, शेठजींचं भाषण लागलं, बिर्याणी लागली. आणि आता पळत आलीस सांगायला, की बाई, तू आवडतेस असं सिद्ध झालंय. मशीन चुकलं याचं मला काही नाही गं. ते चुकणारच. तू 'आकडा आहे ना' म्हणालीस."

हातातला आलेखाचा कागद हेमांगीने मागे लपवला, इतका तो मूर्ख दिसत होता.

"शुक्रवारी लासलगावची शेवटची फेरी आहे," चारुशीला म्हणाली. "मग मी सुटले."

शुक्रवारी सकाळी व्हॅन गेटबाहेर पडणार तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं. हेमांगीने सीटवर ठेवलेला सोन्याचा चार्जर उचलून मागे टाकला आणि बसली.

"काय आणलंस आज?" चारुशीलाने विचारलं. "तक्ता? साक्षीदार?"

"काही नाही."

"मग कशाला आलीस?"

हेमांगीने सीटबेल्ट लावला. आडगाव गेलं, ओझर गेलं. दोन्ही बाजूंना पांढरं ऊन. चारुशीलाने खिडकी उघडली. हेमांगीने काही म्हटलं नाही. चारुशीलाने खिडकी लावली. तरी काही म्हटलं नाही. एवढी शांतता त्या व्हॅनला माहीत नव्हती.

"चारू, नको जाऊस," हेमांगी एकदम म्हणाली.

"काय? गाडीच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"बॅटरीची गाडी आहे. कसला आवाज?"

"मग परत म्हण."

हेमांगीचे कान लाल झाले. एकोणपन्नास वर्षांची बाई, पण शाळेत उभं केल्यासारखी समोरच्या रस्त्याकडे बघून बोलायला लागली. "होसूरला नको जाऊस. मला नाही करमत. मी तिथे आत बसून ठोकळ्यांकडे बघते, आणि एखादी गोष्ट सुचली की वाटतं, चारूला सांगू, आणि बाजूला इरफानभाई असतात. म्हणजे ते चांगलेच आहेत. पण ते... ते इरफानभाई आहेत. मला घरून काम नको, बढती नको, कसला अर्थबिर्थ नको कामाला. तू आहेस हाच होता अर्थ, आणि मी तो कुठल्याच फॉर्मात कधी लिहिला नाही, कारण मला लाज वाटायची. कामावर काय आवडतं, तर मैत्रीण आवडते, असं कोण लिहितं? आणि ऐक, उद्या एखादं खरंखुरं, नीट तपासलेलं मशीन आलं आणि त्याने पुन्हा अठरा दाखवले ना, तरी मला हीच सीट पाहिजे."

चारुशीलाने ब्लिंकर दिला. रस्त्याकडेच्या रसवंतीसमोर, लिंबाखाली, व्हॅन थांबली. तिने दोन्ही हात स्टीअरिंगवरच ठेवले.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी तोंडाने बोललीस," ती म्हणाली. "तेही मी सामान बांधल्यावर."

तिने फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"धृती मॅडम, होसूर रद्द करा माझं."

"चारुताई!" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "खरंच? थांबा, लगेच करते. फक्त, सिस्टीम कारण मागतेय. काय टाकू? कौटुंबिक, आरोग्य, हवामान, मुलांचं शिक्षण?"

"हेमांगी नको म्हणाली."

"ताई, ते यादीत नाहीये."

"मग घाला यादीत. मालकीण तुम्ही आहात ना?"

पलीकडे टकटक झाली. धृती पुटपुटत होती, "हेमांगी... नको... म्हणाली. हं, घेतलं." मग हसून म्हणाली, "पण आता ते सगळ्यांच्याच फॉर्मात दिसणार. उद्या दुसऱ्या कोणाला हे कारण द्यायचं असलं तर?"

"द्या की. पण हेमांगी नाही मिळायची त्यांना," चारुशीला म्हणाली. "एकच आहे ती, आणि तीही डोक्याला ताप आहे." आणि फोन ठेवून दिला.

हेमांगी तोंड खिडकीकडे करून बसली होती. खांदे हलत होते.

"रडायचं असेल तर रड," चारुशीलाने गाडीतला गमछा तिच्या मांडीवर फेकला. "पण दहा मिनिटांत आटप. लासलगाववाल्यांनी आपल्यासाठी बाराला काटा मोकळा ठेवलाय."

"मी कुठे रडतेय," हेमांगी रडत म्हणाली, आणि नऊ मिनिटांत आटपलं.